खारट भातखाचर, अडकलेले स्फुरद आणि जैवकोळसा : महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्यांसाठी

भातखाचरात बायोचार, म्हणजेच जैवकोळसा, मिसळला की जमिनीचा खारटपणा जातो आणि अडकून पडलेले स्फुरद मोकळे होते, अशी माहिती अलीकडे मोबाइलवरून शेतकऱ्यांपर्यंत सतत पोहोचत आहे. त्यामुळे महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील अनेक वाचकांच्या मनात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले दिसतात : आपली जमीन खरोखर खारट आहे का, खत देऊनही पिकाला स्फुरद का मिळत नाही, आणि कोळशाने यांपैकी नेमकी कोणती अडचण दूर होते. मीठ पाण्याने धुवावे, स्फुरद खतातून द्यावे आणि कोळसा सर्वप्रथम रोपवाटिकेत वापरावा, हा या लेखातील सल्ल्याचा गाभा आहे. पूर्ण शेतात टनावारी कोळसा पसरण्याचा खर्च आणि श्रम लहान शेतकऱ्याने पहिल्याच वर्षी अंगावर घेऊ नयेत.

आपली जमीन कोणत्या गटात मोडते?

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूर व महाडवरून वाहत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते, आणि त्याच खाडीतून भरतीचे पाणी उलट दिशेने महाडच्या परिसरापर्यंत चढते. या एका भौगोलिक गोष्टीमुळे शेजारशेजारच्या दोन तालुक्यांतील भातजमिनींचे प्रश्न पूर्णपणे वेगळे झाले आहेत, म्हणून कोणताही उपाय करण्यापूर्वी आपले खाचर पुढीलपैकी कोणत्या गटात येते हे ठरवून घ्यावे.

- पोलादपूर तालुका आणि महाडचा डोंगराळ भाग : येथील उतारावरच्या खाचरांत तांबूस, बहुधा आम्लधर्मी माती असते. समुद्राचे मीठ येथे पोहोचत नाही आणि मुसळधार पाऊस जमिनीतील क्षार वाहून नेतो, त्यामुळे पीक पिवळे पडले तरी त्याचे कारण खारटपणा नसते. अशा मातीत स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियम यांच्याशी घट्ट बांधले जाते.
- सावित्री, गांधारी आणि काळ नद्यांच्या काठची मळईची जमीन : ही जमीन सामान्यतः गोडी असते, परंतु २०२१च्या जुलैमधील महापुरानंतर ज्या शेतांवर गाळ किंवा रेती बसली, तेथे जुन्या माती परीक्षणाचा अहवाल आता निरुपयोगी मानावा.
- खाडीलगतची खार : दासगाव, टोळ यांसारख्या खाडीकाठच्या गावांत बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली जी भातशेती आहे, तिलाच या लेखात खारट खाचर म्हटले आहे.

खारट आणि चोपण या दोन शब्दांतही अनेकदा गल्लत होते. खारट जमिनीत पाण्यात विरघळणारे क्षार जास्त असतात आणि ते गोड्या पाण्याने धुऊन काढता येतात; चोपण जमिनीत मात्र मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो, सामू म्हणजे आम्ल-विम्लतेचा निर्देशांक साधारण ८.५ च्या वर जातो, माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते, व तिच्यासाठी जिप्सम लागते. जमीन चोपण असल्याचे परीक्षणात सिद्ध झाल्याशिवाय जिप्समची पोती आणण्यात अर्थ नाही.

माती परीक्षण : केव्हा, कसे आणि काय वाचावे

मातीचा नमुना भाताची कापणी झाल्यानंतर आणि नवीन खत टाकण्यापूर्वी घ्यावा. खाचराच्या आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा सुमारे २० सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती काढावी, ती एकत्र मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत आणि असे करीत शेवटी अर्धा किलो माती सावलीत वाळवून पाठवावी. बांधाजवळची, शेणखताच्या ढिगाखालची आणि राब, म्हणजे रोपवाटिकेसाठी पालापाचोळा, भाजलेल्या जागेची माती घेऊ नये, कारण राखेमुळे तेथील सामू आणि पालाश संपूर्ण शेताचे चित्र बिघडवतात. खारजमिनीसाठी आणखी एक काळजी आवश्यक आहे : उन्हाळ्यात खालचे क्षार केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून ओलाव्याबरोबर वर चढत असल्याने मे महिन्यातला खारटपणा सर्वांत जास्त असतो आणि जुलैच्या पावसानंतर तो बराच खाली येतो, म्हणून शक्य असल्यास मे आणि जुलै असे दोन स्वतंत्र नमुने तपासून घ्यावेत. उन्हाळी आकडा भयावह वाटला तरी लावणीच्या वेळचा आकडाच पिकासाठी निर्णायक असतो.

अहवाल हातात आल्यावर चार नोंदी पाहाव्यात.

१. सामू : भातजमिनीत स्फुरदाची सर्वाधिक उपलब्धता साधारण ६ ते ७ या सामूच्या आसपास असते, त्याखाली लोह-ॲल्युमिनियम आणि त्यावर कॅल्शियम स्फुरदाला बांधतात.

२. विद्युत वाहकता : ही खारटपणाची मोजणी आहे. येथे फसगत होण्याची शक्यता मोठी असते, कारण जमीन खारट ठरवण्याची ४ डेसिसायमन प्रति मीटर ही पुस्तकातली मर्यादा संपृक्त मातीच्या अर्कासाठी आहे, तर बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा पातळ मिश्रणात वाहकता मोजतात व तो आकडा बराच लहान येतो. प्रयोगशाळेने कोणती पद्धत वापरली हे विचारल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करू नये.

३. उपलब्ध स्फुरद : आम्लधर्मी मातीसाठी ब्रे पद्धत आणि उदासीन ते विम्लधर्मी मातीसाठी ओल्सेन पद्धत योग्य ठरते, त्यामुळे पोलादपूरचा नमुना आणि खाडीकाठचा नमुना एकाच पद्धतीने तपासला गेला असेल तर तसे प्रयोगशाळेच्या लक्षात आणून द्यावे. अहवालातील आकडा मूलद्रव्य स्फुरदाचा आहे की खताच्या पोत्यावर असतो तसा स्फुरद पेंटॉक्साइडचा आहे, हेही पाहावे, पहिल्याला २.२९ ने गुणले की दुसरा मिळतो.

४. सेंद्रिय कर्ब आणि जस्त : जस्ताची कमतरता स्फुरदाच्या कमतरतेसारखी भासू शकते आणि जास्त स्फुरद दिल्याने जस्त आणखी कमी मिळते.

मृद आरोग्य पत्रिकेची केंद्रीय योजना २०१५ पासून सुरू असून तिच्या माध्यमातून नमुना देण्याची चौकशी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे पदनाम कृषी सहायक) किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात करावी. अहवालाचा अर्थ समजून घेण्यासाठी रोहा तालुक्यातील किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्र, आणि विशेषतः खारजमिनीच्या प्रश्नासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्र, या दोन संस्था आपल्यासाठी सर्वांत उपयुक्त आहेत.

उभ्या पिकात काय दिसते

स्फुरद कमी पडलेले भात खुजे राहते, त्याची पाने गर्द हिरवी, अरुंद व ताठ दिसतात, फुटवे फारच थोडे येतात आणि पीक निसवायला उशीर होतो. खारटपणाने त्रस्त भातात पानांचे शेंडे पांढरट होऊन करपतात, शेतात ठिकठिकाणी रिकाम्या जागा पडतात आणि लोंबीत पोचट दाणे, ज्यांना पळंज म्हणतात, जास्त निघतात. खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके दिसले तर जस्ताचा संशय घ्यावा. खारट खाचरात ही लक्षणे एकत्र येऊ शकतात, कारण मिठामुळे मुळांची वाढच खुंटते आणि मातीत स्फुरद असूनही ते घेणारे मूळ तेथपर्यंत पोहोचत नाही. स्फुरद मातीत फारसे सरकत नसल्याने मुळालाच त्याच्याकडे जावे लागते.

मिठाचा बंदोबस्त आधी

मिठामुळे मुळेच खुंटत असल्याने बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, आणि उघाडी, म्हणजे बांधातील पाणी सोडण्याचे दार, नादुरुस्त असताना कोळशावर केलेला खर्च वाया जातो. बांधाला एक खांड पडली आणि उधाणाचे पाणी खाचरात शिरले, तर वर्षभराची सुधारणा एका भरतीत नाहीशी होते. पावसाळ्यापूर्वी बांधातील खेकड्यांची बिळे आणि खचलेल्या जागा भरून घ्याव्यात. उघाडीची झडप भरतीला घट्ट मिटते आणि ओहोटीला सहज उघडते याची खात्री करावी. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी खाचरात साठवावे, नांगरून किंवा चिखलणी करून क्षार त्या पाण्यात विरघळू द्यावेत आणि ओहोटीच्या वेळी ते पाणी उघाडीतून बाहेर सोडावे. लावणीपूर्वी ही क्रिया दोन-तीनदा झाली तर वरच्या थरातील क्षारांत लक्षणीय घट होते. हे पाणी शेजाऱ्याच्या गोड्या खाचरातून जाणार नाही अशी वाट आधी ठरवून घ्यावी. कोकणातील पाऊस हीच खारजमिनीची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक दुरुस्ती आहे, आणि ती सोडून विकतच्या उपायांकडे वळणे हे शेतकऱ्याचे नुकसान आहे.

जेथे भरतीचे पाणी कधीच येत नाही अशा ठिकाणी वाहकता जास्त निघाली, तर समुद्राला दोष न देता पाण्याचा स्रोत तपासावा. महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात ओढ्याचे किंवा विहिरीचे पाणी सिंचनासाठी वापरणाऱ्यांनी मातीबरोबर पाण्याचाही नमुना तपासून घ्यावा आणि शंकेला आधार मिळाल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी.

वाणाची निवडही येथेच येते. खारभूमी संशोधन केंद्राने विकसित केलेले पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ हे वाण तसेच काळा राता, भुरा राता यांसारखे पारंपरिक वाण खारटपणा सहन करतात. भाताचे रोप कोवळ्या वयात आणि फुलोऱ्याच्या वेळी मिठाला सर्वाधिक बळी पडते, म्हणून रहू पेरण्याऐवजी, म्हणजे मोड आलेले बी थेट चिखलात फेकण्याऐवजी, गोड्या उंच जागेवर रोपे तयार करून ती २५ ते ३० दिवसांची झाल्यावर एका चुडात तीन-चार याप्रमाणे खारट खाचरात लावणे अधिक सुरक्षित ठरते.

जैवकोळसा स्फुरदासाठी काय करतो आणि काय करत नाही

पिकांचे अवशेष, तूस किंवा काटक्या हवेचा पुरवठा कमी ठेवून तापवल्यावर जो काळा, हलका आणि सच्छिद्र पदार्थ उरतो तो जैवकोळसा होय. शेणखत काही हंगामांत कुजून संपते, कोळशातील कर्ब मात्र मातीत दीर्घकाळ टिकतो. स्फुरदाच्या दृष्टीने त्याचा उपयोग मुख्यतः अप्रत्यक्ष आहे. तो आम्लधर्मी मातीचा सामू थोडा वाढवतो, त्यामुळे लोह-ॲल्युमिनियमची पकड सैल होते. तुसाच्या कोळशातील सिलिका, म्हणजे वाळूतही असणारे व भाताला खोडाच्या बळकटीसाठी लागणारे द्रव्य, स्फुरद जेथे चिकटते त्या जागा काही प्रमाणात अडवते. भारी, चिकट मातीत तो पोकळ्या निर्माण करतो आणि क्षार धुऊन जाण्यास व मुळे पसरण्यास मदत होते.

तुसाच्या कोळशात स्वतःचे स्फुरद अत्यल्प असते, म्हणून तो डायअमोनियम फॉस्फेट (डीएपी) किंवा सुपर फॉस्फेटची जागा घेऊ शकत नाही. तो मीठ नष्ट करीत नाही. आणि जेथे सामू आधीच ७.५ च्या वर आहे अशा खाचरात राखमिश्रित कोळसा घातल्यास सामू आणखी चढून स्फुरद कॅल्शियमबरोबर बांधले जाण्याचा, म्हणजे उलट परिणामाचा, धोका असतो. जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित कलही असाच आहे की उष्ण प्रदेशातील आम्लधर्मी, नापीक जमिनींत जैवकोळशाचा लाभ अधिक दिसतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की ज्या कोळशाची चर्चा खारजमिनीसाठी होते, त्याचा लाभ मिळण्याची शक्यता पोलादपूरच्या तांबड्या खाचरांत अधिक आहे.

भातखाचराची एक स्वाभाविक सोय येथे लक्षात घ्यावी. पाणी साचून हवा कमी झाली की मातीतील लोहाचे रूप पालटते आणि त्याला चिकटलेले स्फुरद आपोआप सुटू लागते, त्यामुळे लावणीनंतर काही आठवड्यांनी भाताला बऱ्यापैकी स्फुरद मिळते. पाणी निघून जमीन वाळली की ते पुन्हा बांधले जाते. म्हणून स्फुरदाची खरी टंचाई दोन ठिकाणी जाणवते, रोपवाटिकेत आणि भातानंतरच्या वाल, पावटा किंवा हरभऱ्यात, आणि जैवकोळशाचा वापर रोपवाटिकेपासून सुरू करावा असा आग्रह याच कारणाने आहे.

राब, पांढरी राख आणि काळी राख

महाड-पोलादपूरमध्ये रोपवाटिकेची जागा पालापाचोळा, टहाळ, गवत आणि शेणाचे थर रचून भाजण्याची, म्हणजे राबाची, पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. राबामुळे तणांचे बी जळते आणि राखेतून पालाश व थोडे स्फुरद रोपांना मिळते, हे तिचे गुण नाकारता येत नाहीत. परंतु उघड्यावर पूर्ण जळून उरलेल्या पांढऱ्या राखेत कर्ब जवळजवळ शिल्लक राहत नाही, शेणातील नत्र धुरात जाते आणि झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात. या टहाळाचे भारे डोंगरातून डोक्यावर वाहून आणण्याचे काम बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला येते, आणि राबाचे क्षेत्र कमी करणारा कोणताही उपाय त्यांचे हे ओझे हलके करीत असल्याने त्याला केवळ खताच्या हिशेबात मोजू नये.

कोकणासाठी नवा वाटणारा जैवकोळशाचा हा विषय प्रत्यक्षात महाराष्ट्रात पूर्वीच रुजलेला आहे. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीतील पहिले सूत्र पिकाच्या अवशेषांच्या फेरवापराचे असून त्यात भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेच्या मातीत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणात मिसळण्याची शिफारस आहे. ही काळी राख म्हणजे अर्धवट जळलेले तूस, अर्थात तुसाचा जैवकोळसाच होय. उरलेली तीन सूत्रे गिरिपुष्पाच्या पाल्याचा वापर, नियंत्रित अंतरावरची लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेट म्हणजे खताच्या गोळ्या खोल खोचणे अशी आहेत, आणि स्फुरदाच्या प्रश्नात शेवटचे सूत्रही तितकेच उपयोगी पडते.

हिशेब : किती कोळसा लागेल

दर चौरस मीटरला एक किलो हे प्रमाण हेक्टरी दहा टन भरते. एक गुंठा सुमारे १०० चौरस मीटर असल्याने गुंठ्याला ५० ते १०० किलो, आणि एका एकराच्या लावणीसाठी लागणाऱ्या सुमारे चार गुंठे रोपवाटिकेला २०० ते ४०० किलो काळी राख लागते. आता पुरवठ्याची बाजू पाहावी : एक क्विंटल भातापासून साधारण २० किलो तूस निघते आणि त्याचा नीट केलेला कोळसा सहा-सात किलोच भरतो, म्हणजे दहा क्विंटल भातामागे ६० ते ७० किलो. एवढ्यात अर्धा किलोच्या प्रमाणाने सव्वा ते दीड गुंठा रोपवाटिका होते. संपूर्ण एकराला हेक्टरी दहा टनांच्या दराने कोळसा द्यायचा तर सुमारे चार टन लागेल, आणि घरच्या तुसावर तो उभा करणे अशक्य आहे. उरलेले तूस गावच्या भातगिरणीतून मिळवावे लागते; साध्या हलर गिरणीत तूस व कोंडा मिसळून येतो आणि कोंडा हा गुरांचा खुराक आहे, तो जाळू नये.

कोळसा तयार करण्याच्या दोन रीती

तुसासाठी धुराडे : पत्र्याच्या डब्याला चहूबाजूंनी भोके पाडून त्यावर साधारण माणसाच्या उंचीची पत्र्याची नळी बसवावी. काटक्यांचा विस्तव पेटवून त्यावर नळीसह डबा उभा ठेवावा आणि भोवती कोरडे तूस रचावे. तूस आतून बाहेर काळे होत जाते. वरच्या थरावर काळे ठिपके दिसू लागले की फावड्याने बाहेरचे तूस आत आणि आतले बाहेर ढकलावे. सगळा ढीग काळा झाला, पण पांढरा पडू लागला नाही, या क्षणी तो पसरून भरपूर पाणी मारावे. पाणी कमी पडले तर ढीग आतून धुमसत राहतो आणि सकाळी पांढरी राखच हाती लागते.

टहाळ आणि काटक्यांसाठी खड्डा : वर रुंद आणि तळाशी निमुळता, सुमारे दीड हात खोल खड्डा घ्यावा. तळाशी वाळक्या काटक्यांचा विस्तव चांगला पेटल्यावर पातळ थर टाकत जावे आणि वरच्या थरावर पांढरट राख दिसू लागताच पुढचा थर द्यावा. वरची ज्वाला हवा अडवते, त्यामुळे खालचा थर जळून न जाता कोळसा होतो व धूरही कमी होतो. खड्डा भरला की पाणी ओतून पूर्ण विझवावा.

दोन्ही रीतींत पुढील काळजी घ्यावी.

- बंद खोलीत किंवा गोठ्यात हे काम करू नये. धुमसत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासाविना जीव घेतो.
- विझवलेला कोळसा किमान एक दिवस उघड्यावर, गंजीपासून दूर ठेवल्यावरच पोत्यात भरावा.
- वाऱ्याच्या दिवशी किंवा वनहद्दीलगत आग लावू नये. वनजमिनीतील लाकूड वापरू नये. साग, खैर, हिरडा, आंबा, फणस यांसारखी झाडे मालकीच्या जमिनीत असली तरी ती तोडण्यावर १९६४च्या वृक्षतोड अधिनियमाचे निर्बंध आहेत. खाडीकाठची खारफुटी तोडणे तर पूर्णपणे निषिद्ध आहे.
- कोळशासाठी मजूर लावल्यास ठरलेली मजुरी रोजच्या रोज द्यावी आणि उचल देऊन माणसे बांधून ठेवू नयेत. रायगडातील कातकरी कुटुंबांनी कोळसाभट्ट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या पिळवणुकीचा इतिहास पाहता, जमीन सुधारण्याच्या नावाखाली तो प्रकार परत येऊ देणे अन्यायाचे ठरेल. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने गुन्हा आहे.

वापराची पद्धत

ताजा कोळसा मातीतले नत्र तात्पुरते शोषून घेतो, म्हणून तो चांगल्या कुजलेल्या शेणखतात किंवा शेणाच्या काल्यात सारख्या प्रमाणात मिसळून दोन-तीन आठवडे ओलसर मुरवावा. खारजमिनीसाठीचा कोळसा त्याआधी एकदा गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा, म्हणजे राखेतील विद्राव्य क्षार निघून जातात. मुरलेले मिश्रण मे महिन्याच्या अखेरीस गादीवाफ्याच्या वरच्या आठ-दहा सेंटिमीटर मातीत मिसळावे. कोरडा कोळसा पाण्यावर तरंगतो आणि मृगाच्या पहिल्याच सरींत उतारावरून वाहून जातो, ही पोलादपूरच्या खाचरांतली सर्वांत मोठी नासाडी असल्याने तो मातीत मिसळल्यावाचून वाफ्यावर पसरून ठेवू नये. वजन कोरड्या कोळशाचे धरावे. कोरड्या कोळशाने भरलेले एक घमेले तोलून ठेवले की पुढचे मोजमाप घमेल्यांनी करता येते.

स्फुरद मात्र खतातूनच द्यावे. सुधारित भातासाठी कोकणात हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही सर्वसाधारण शिफारस आहे. त्यातील स्फुरद सुपर फॉस्फेटमधून द्यायचे तर त्यात ते १६ टक्के असल्याने गुंठ्याला सुमारे तीन किलो लागते. माती परीक्षणानुसार हे प्रमाण कमीजास्त करावे. चारसूत्री पद्धतीत लावणीच्या दिवशीच दर चार चुडांच्या मध्यभागी २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात आणि हेक्टरी सुमारे १७० किलो ब्रिकेटमधून जवळपास ३० किलो स्फुरद मिळते. गोळी मुळांजवळ राहिल्याने स्फुरदाचा संपर्क मातीच्या थोड्याच कणांशी येतो व ते कमी बांधले जाते, शिवाय वाहत्या पाण्याबरोबर खत जात नाही. खारट खाचरात खुंटलेल्या मुळांना तर ही जवळीक विशेष उपयोगी आहे. रॉक फॉस्फेट हे स्वस्त खत आम्लधर्मी मातीतच हळूहळू विरघळते, त्यामुळे ते पोलादपूरला चालेल, खाडीकाठी नाही.

टाळाव्यात अशा चुका

- बेकरी, वीटभट्टी किंवा कारखान्याच्या बॉयलरमधील राख ‘बायोचार’ समजून आणू नये. ती अतितापाने पांढरी झालेली असते आणि तिच्यात दगडी कोळसा किंवा अन्य कचरा मिसळलेला असू शकतो.
- चुलीतील पांढरी राख खारट खाचरात टाकू नये. पोलादपूरच्या आम्लधर्मी वाफ्यात ती थोड्या प्रमाणात चालते.
- कोळसा घातला म्हणून पहिल्या वर्षी रासायनिक स्फुरद बंद करू नये.
- सामू ७.५ च्या वर असलेल्या शेतात तज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय कोळशाचा प्रयोगही करू नये.

आपल्याच शेतात पडताळणी

एका खाचरात सारख्या मातीचे चार पट्टे आखून दोन पट्ट्यांत कोळसा मिसळलेल्या वाफ्यातील आणि दोन पट्ट्यांत नेहमीच्या वाफ्यातील रोपे आलटून-पालटून लावावीत. खत, वाण आणि लावणीची तारीख सर्वत्र एकच ठेवावी. लावणीनंतर दीड महिन्याने प्रत्येक पट्ट्यातील दहा चुडांचे फुटवे मोजावेत आणि कापणीला प्रत्येक पट्ट्याचे भात वेगळे झोडून, वाळवून तोलावे. दोन हंगाम फरक सारखाच राहिला आणि त्याची किंमत तूस, पाणी व मजुरीच्या खर्चापेक्षा जास्त निघाली, तरच क्षेत्र वाढवावे.

विकत घेताना, सही करताना आणि बांधाबाबत आपले हक्क

खत म्हणून विकल्या जाणाऱ्या कोणत्याही मालाची पक्की पावती देणे १९८५च्या खत नियंत्रण आदेशानुसार विक्रेत्यावर बंधनकारक आहे. जैवकोळसा विकत घेताना तो कशापासून केला, त्याचा सामू, वाहकता आणि राखेचे प्रमाण किती, याचा प्रयोगशाळेचा अहवाल मागावा आणि तो न देणाऱ्याकडून माल घेऊ नये. मालात फसवणूक झाल्यास पावती व पोत्यावरील लेबल जपून ठेवून तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. नुकसानभरपाईसाठी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडेही जाता येते.

कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील असे सांगून करार पुढे करणाऱ्यांशी बोलताना अधिक सावध राहावे. करार मराठीत मागावा आणि त्यात मुदत किती वर्षांची आहे, कोळसा कोण पुरवणार, पैसे केव्हा व कोणत्या हिशेबाने मिळणार, मध्येच बाहेर पडता येते का आणि जमीन विकल्यास काय होते, या पाचही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असल्याशिवाय सही करू नये. सातबाऱ्यावर कोणतीही नोंद होणार असेल तर करार वकिलाला दाखवावा.

खाडीच्या बांधाबाबत आपले खाचर शासकीय खारभूमी योजनेत येते की खासगी योजनेत, हे आधी शोधून काढावे. १९७९च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाच्या व्यवस्थेत शासकीय योजनेच्या बांध-उघाडीची देखभाल पेण येथे कार्यालय असलेल्या खारभूमी विकास विभागाकडे येते, तर खासगी योजनेत ती लाभधारक शेतकऱ्यांची जबाबदारी राहते. खांड पडल्यास त्याच दिवशी छायाचित्र काढून विभागाला आणि तहसीलदाराला लेखी कळवावे, अर्जाची पोच घ्यावी आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे पदनाम तलाठी) पंचनामा करून घ्यावा. अर्ज एकट्याने करण्यापेक्षा त्या बांधामागच्या सर्व खातेदारांनी गट क्रमांकांसह एकत्र केल्यास बाधित क्षेत्र एकाच कागदावर दिसते, आणि दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी व्हावी यासाठी तो अर्ज कापणी संपताच द्यावा.